जिल्बेरने घंटा खाली ठेवली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मधे दात काढलेले मला चालणार नाहीत. गोष्ट आपल्या जिल्बेरची. वरच्या चुनखडीच्या माळावर पाहुण्यांना खोल्या देतो ना, तोच. तीन वर्षं झाली, ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार होता.

त्या दुपारी त्याची बायको रेजिन एका पाहुणीला जुनी दगडी खोपटं दाखवून आली. बाईसाहेब कॅमेरा तिथेच विसरल्या आणि गाडी काढून गावात गेल्या, त्या रात्री परतल्याच नाहीत. चार वाजता रेजिन कॅमेरा आणायला निघाली.

"पॅरिसच्या महाराणीची दासी झालीस की गं," जिल्बेर म्हणाला.

"मग तू जा माझ्याऐवजी."

पठ्ठ्या खुर्चीतून हलला नाही.

पाचला धुकं उतरलं. माळावर जागोजागी विवरं, पडलेलं मेंढरू पुन्हा दिसत नाही. म्हणून तर आपली रीत आहे. धुक्यात घरचं माणूस बाहेर असलं की दारात उभं राहून मेंढीची घंटा वाजवायची. कुणी आलं तर नाव विचारायचं, त्याने तोंडाने सांगितलं तरच हात थांबवायचा.

तीन तास वाजवली त्याने. सव्वाआठला धुक्यातून रेजिन आली. काही न बोलता तिने त्याचं मनगट धरलं. हात गारठलेला. तीस वर्षांच्या बायकोला नाव काय विचारायचं? त्याने घंटा खाली ठेवली.

ती जेवली नाही. बोलली नाही. मनगट धरून अंथरुणात पडून राहिली.

साडेनऊला बाहेरून हाक आली.

"जिल्बेर... घंटा का थांबवलीस रे?"

रेजिनचा आवाज.

तो उठायला गेला. मनगटावरची पकड आवळली.

"मी रेजिन... वाजव ना रे... काही दिसत नाही..."

नाव सांगत होती. न विचारता. पण त्याची रेजिन तर शेजारी होती. बाहेर आहे ते आत यायला नको... त्याने कानांवर उशी दाबली.

हाका जवळ आल्या. मग लांब गेल्या. मग...

सकाळी शेजारी कुणी नव्हतं. रेजिन विवराच्या तळाशी सापडली. कंबर मोडली होती, पण पहाटेपर्यंत जिवंत होती, डॉक्टर म्हणाले.

जिल्बेरच्या मनगटावर पाच बोटं उमटली होती. चुन्यासारखी पांढरी. साबणाने गेली नाहीत, उन्हाने रापली नाहीत.

परवा त्याने सदरा काढला तेव्हा मी पाहिलं. मनगट स्वच्छ होतं. बोटं खांद्यावर पोचलीत.