चाळीस वाक्यं

टॅब परत आणायला गेलो होतो. काम एवढंच.

मी सम्मेद चौगुले, सांगलीचा. माणसाचे ओठ पाहून तो काय म्हणतोय हे संगणकाला ओळखता यावं, यासाठी आम्ही तिघं-चौघं तीन वर्षं राबतोय. घशाच्या कॅन्सरनं ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकलंय अशांसाठी. त्यांची जीभ हलते, ओठ हलतात, आवाज मात्र फुटत नाही. टॅबचा कॅमेरा ते ओठ वाचतो आणि त्यांच्या वतीनं बोलतो. पण ओठ हलवायची प्रत्येकाची लकब निराळी, म्हणून प्रत्येक माणूस त्याला वेगळा शिकवावा लागतो.

औंधजवळच्या एका गावातले नाथाजी इंगळे हे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. दर शनिवारी मी त्यांच्यासमोर बसायचो. पाच महिन्यांत त्यांची चाळीस वाक्यं टॅबला शिकवली. पाणी दे. दार लाव. अंबू, इकडं ये. दुखतंय. शेवटच्या महिन्यात चाळिसांतलं एकच वाक्य वापरात राहिलं. मार्चमध्ये ते गेले. तेरावा उरकल्यावर दोन दिवसांनी, भर दुपारी, मी त्यांच्या घरी पोचलो.

पुतण्या दिग्विजय अंगणातच भेटला. चाळिशीचा गडी, पण चेहरा उतरलेला.

"काकी जेवत न्हाई, दादा. त्या खोलीतनं उठतच न्हाई," तो म्हणाला. "तुमचं ते मशीन तेवढं घिऊन जावा. लय उपकार हुतील."

खोलीच्या खिडकीला चादर बांधली होती. बाहेर ऊन रखरखत होतं आणि आत संध्याकाळ झाल्यासारखं. फरशी फिनेलनं पुसलेली, तरी फिनेलच्या खालून तो जुना वास येतच होता. मलमाचा, ओल्या कापसाचा, किंचित गोडसर. नाथाजींची गादी टाकून दिली होती. नुसती लोखंडी खाट उरली होती. खाटेकडे तोंड करून स्टँडवर टॅब, आणि भिंतीला टेकून जमिनीवर त्यांची बायको, अंबूबाई.

"काकी..."

"हळू," त्या कुजबुजल्या. "बोलत्यात."

"कोण?"

उत्तर टॅबनं दिलं.

"दुखतंय."

आम्हीच भरलेला तो आवाज. सपाट, कुणाचाच नसलेला.

मला भीती वाटली नाही. खरंच सांगतो, तेव्हा नाही वाटली. असल्या चुका आम्ही रोज बघतो. कॅमेऱ्याला चेहरा सापडला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटते. कधी भिंतीवरच्या डागात सापडतो, कधी टांगलेल्या शर्टात. मी वाकून बघितलं. चौकट होती. रिकाम्या खाटेच्या वर, उठून बसलेल्या माणसाचं डोकं येईल तितक्या उंचीवर. मागं भिंतीला ओलीचा एक पट्टा होता.

"भिंतीमुळं होतंय, काकी," मी म्हणालो आणि स्टँड फिरवून दाराकडे केला.

चौकट गेली. मी हुश्श केलं.

मग पडद्याच्या कडेनं ती हळूहळू आत आली. मधोमध येऊन थांबली. आता ती आधीपेक्षा मोठी होती. चेहरा जवळ आला की चौकट मोठी होते.

"दुखतंय," टॅब म्हणाला.

चौकटीखाली आकडा येतो, ओळख किती पक्की आहे याचा. नाथाजी जिवंत असताना तो सत्तरच्या वर क्वचितच जायचा. आता नव्याण्णव होता.

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"मेल्यावर तरी सुटतंय मानूस, आसं वाटलं हुतं," अंबूबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. रडून संपलेल्या माणसासारखा त्यांचा आवाज होता. "धा दीस झालं. येकच सांगत्यात. त्येस्नी दुखत असताना घास उतरंल का मला?"

"त्याला चाळीसच वाक्यं येतात, काकी. समोरचा काहीही म्हणाला तरी त्यातलंच जवळचं एखादं ते बोलतं. कदाचित... कदाचित वेगळंच काही असेल."

"समोरचा," त्या म्हणाल्या. "म्हंजी हाय की न्हाई समोर?"

मी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"मग इचार त्येला. काय म्हनत्यात नीट सांग म्हनावं."

कसं विचारणार होतो? बोलायला मीच शिकवलं होतं त्याला, आणि तितकंच. मी टॅब स्टँडवरून सोडवला. अंबूबाईंनी माझं मनगट धरलं. हाडं नुसती, पण पकड सुटेना.

"नगं निऊ, लेकरा. मग त्येंचं ऐकनार कोन?"

दिग्विजयनं आत येऊन त्यांचे हात सोडवले. टॅब मी छातीशी धरला होता. बंद करायला बटण दाबलं, आणि पडदा काळा होण्याआधी क्षणभर दिसलं... चौकट आता पडद्यात मावत नव्हती.

सांगलीला येऊन मी त्यातलं सगळं पुसलं. नाथाजींचे पाच महिने, चाळीसच्या चाळीस वाक्यं. आपण एका म्हातारीला वाचवलं, अशी मनाची समजूत घातली.

अकराव्या दिवशी दिग्विजयचा फोन आला. काकीला साताऱ्याला दवाखान्यात ठेवलंय. अन्न सुटलं होतं, आता वाचाही गेली. ओठ मात्र सारखे हलतायत. "व्हिडिओ धाडलाय. तुमच्या मशीनला दावून बघा की, काय म्हनत्या. काय इच्छा राहिली आसंल तर..."

मशीनला अंबूबाईंचे ओठ ओळखीचे नव्हते. पण तीन वर्षं ओठ वाचण्यावाचून मी तरी दुसरं काय केलं होतं? व्हिडिओ लावला. खाटेवर त्या सरळ झोपलेल्या. नजर पायथ्याकडे, तिथून जराही न हलणारी. काहीतरी म्हणायच्या, थांबायच्या. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशा. पुन्हा म्हणायच्या.

सहाव्यांदा बघताना कळलं. खात्री करायला आणखी दहा वेळा बघितलं. तेवढ्यात दिग्विजयचा पुन्हा फोन आला. काकी गेली होती.

"काय म्हनत हुती वं?" त्यानं विचारलं.

"देवाचं नाव घेत होत्या," मी सांगितलं. तो रडला. बरं वाटलं म्हणाला.

तो व्हिडिओ मी अजून कुणाला दाखवलेला नाही. त्या म्हणत होत्या, "ह्ये मालक न्हाईत... सम्मेद, ह्ये मालक न्हाईतच."