उपासाच्या दिवशीचा डोंगर

“आधी नीट बघ, शलाका. मग बोल. आणि आत्याला जप.”

अंटार्क्टिकावरच्या संशोधन तळाकडे निघताना बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच सांगितलं होतं. आईही त्याच तुकडीत होती. दोघं वर्षभर बर्फाच्या थरांचा अभ्यास करणार होती. म्हणून अकरा वर्षांची शलाका घाटावरच्या कुसरे गावात कुमुदआत्याकडे राहायला आली.

मध्यंतरी तिकडे हिमवादळ झालं आणि तळाशी संपर्क तुटला. आत्या देवघरापुढे पदर पसरून बसली. “वाघजाई आई, माझी दोन्ही माणसं सुखरूप राहू देत. मी पायी वर येऊन तुझी ओटी भरीन.” तिसऱ्या दिवशी बाबांचा हसरा चेहरा पडद्यावर दिसला. देवी नवसाला पावली, आता नवस फेडायचा होता.

पण आत्याला मधुमेह होता आणि तिच्या तळपायाला जखम झाली होती. अंगणात खडा रुतला तो तिला कळलाच नाही. जखम भरायचं नाव घेईना. वाघजाईचं देऊळ डोंगराच्या माथ्यावर आणि डॉक्टर म्हणत होत्या, साखर आटोक्यात येऊन जखम भरेपर्यंत चढायचं नाही.

या डॉक्टर म्हणजे झरीन तांबोळी. त्या बसायच्या दूर जिल्ह्याच्या गावी, पण कुसऱ्यात घरोघर यायच्या. कशा? करडूच्या पाठीवर बसून. करडू म्हणजे आरोग्य केंद्राचा चार पायांचा रोबो. त्याच्या पाठीवर पडदा आणि मानेत कॅमेरा. गावच्या पायऱ्या तो टुणटुण चढायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव करडू ठेवलेलं. पूर्वी आत्या तीन महिन्यांतून एकदा घाट उतरून तालुक्याला जायची आणि दहा मिनिटांत तपासून परत यायची. आता डॉक्टर दर आठवड्याला तिच्या ओसरीवर हजर. याला दूरवैद्यक (लांब असलेल्या रोग्याला पडद्यावरून तपासण्याची पद्धत) म्हणतात.

तर एका सकाळी करडू आला आणि डॉक्टरांनी कोडंच घातलं.

“आत्या, तुमची सकाळची उपाशीपोटीची साखर बरी असते. पण तीन महिन्यांची चाचणी नऊच्या वर गेलीय. ती सातच्या आसपास हवी. मधल्या वेळात साखर कुठे लपून बसते?”

“मला काय ठाऊक बाई? चहासुद्धा बिनसाखरेचा पिते मी.”

“तीन महिन्यांची चाचणी म्हणजे काय?” शलाकानं विचारलं.

करडूला समजावून सांगायला फार आवडायचं. “रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या साधारण तीन-चार महिने जगतात. रक्तात साखर जास्त असली की ती त्यांना चिकटते आणि चिकटूनच राहते. किती चिकटली ते मोजलं की मागच्या काही महिन्यांचा अंदाज येतो. सकाळची चाचणी म्हणजे एका क्षणाचा फोटो.”

शलाकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. देवघरात नैवेद्याच्या पेढ्यांचा डबा असायचा. आत्या चोरून खात असेल का? ती लगेच बोलणार होती, पण बाबांचं सांगणं आठवलं. मग तिनं डब्यावर पाळत ठेवली. आत्या जप करत असताना ही दाराआडून बघायची.

दोन दिवसांनी आत्या माळ न थांबवता म्हणाली, “पेढा हवा असेल तर मागून घे गं. मांजरीसारखी घुटमळू नकोस.”

शलाका ओशाळली. पेढे सगळे जिथल्या तिथे होते. चोर दुसराच कुणी होता.

पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या सांगण्यावरून केंद्रातल्या सिस्टरनी आत्याच्या दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवली. तो होता संवेदक (बदल टिपून घेणारं छोटं यंत्र). दर थोड्या वेळानं तो साखर मोजायचा आणि करडूला कळवायचा. करडू त्यातून पडद्यावर एक रेघ काढायचा. साखर चढली की रेघ वर, उतरली की खाली.

दोन आठवडे झाल्यावर शलाका, आत्या आणि पलीकडून डॉक्टर ती रेघ बघत बसल्या. काही दिवशी बुटक्या टेकड्या दिसत होत्या. पण मधूनच एकेक उंच डोंगर.

शलाकानं आधी नीट बघितलं. मग म्हणाली, “करडू, हे डोंगर कुठल्या वारी येतात?”

“सोमवार, गुरुवार, शनिवार. आणि एक संकष्टीला.”

“भलतंच काहीतरी,” आत्या म्हणाली. “त्या दिवशी तर माझे उपास. मी काही खातच नाही. तुझं यंत्र बिघडलंय, करडा.”

“माझी बॅटरी उतरलीय, आत्या. डोकं नाही.”

पडद्यावरून डॉक्टरांनी विचारलं, “काहीच खात नाही?”

“नाही हो. नुसती साबुदाण्याची खिचडी. बरोबर एखादा उकडलेला बटाटा. संध्याकाळी भूक लागलीच तर रताळ्याचा कीस.”

डॉक्टरांनी विचारलं, “तालुक्याला तुम्हाला कुणी विचारलं नाही?”

“विचारायचे की, आहार कसा आहे. मी सांगायची, आठवड्यातले निम्मे दिवस उपासच असतो. ते म्हणायचे, छान.”

आत्या खरं बोलत होती आणि ऐकणाऱ्यांनाही ते खरं वाटायचं. फक्त उपास म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे रिकामं ताट यायचं. आत्याचं भरलेलं ताट कुणी पाहिलंच नव्हतं.

“सोमवारी ताट करडूला दाखवा,” डॉक्टर म्हणाल्या.

सोमवारी आत्यानं पूजा आटोपली आणि खिचडी वाढून घेतली. मोत्यासारखी मोकळी, वर खोबरं-कोथिंबीर. करडूनं मान वाकवून ताट दाखवलं. आत्या जेवली आणि सगळे रेघेकडे बघू लागले. थोड्याच वेळात रेघ वर निघाली. वर, आणखी वर.

“पण यात साखरेचा कणही नाही,” आत्या पुटपुटली.

डॉक्टरांना तिच्या शेजारी शेवंतीची परडी दिसली. “आत्या, देवीसाठी ओवलेली माळ हातात घ्या. दोरा तोडला तर?”

“फुलं सुटतील.”

“साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, म्हणजे साखरेच्या कणांची लांब माळ. जिभेला ती गोड लागत नाही, पण पोटात गेली की दोरा तुटतो आणि साखरेचे कण सुटतात. साबुदाण्याची माळ फार सैल ओवलेली, म्हणून सगळे कण एकदम रक्तात येतात. बटाटा, रताळं यांचंही तसंच. मग ते कण पेशींमध्ये पोचवायला इन्शुलिन (पोटातल्या स्वादुपिंडात तयार होणारं रसायन) लागतं. तुमच्या शरीरात त्याचं काम नीट होत नाही, म्हणून साखर रक्तातच तुंबते. रात्रभरात हळूहळू ओसरते, आणि सकाळी तपासणारा म्हणतो, ठीक आहे.”

“आणि जखम?” शलाकानं विचारलं.

“साखर सतत जास्त राहिली की जखम लवकर भरत नाही. पायाची जाणीवही बोथट होते. म्हणून तो खडा कळला नाही.”

आत्यानं माळ परत परडीत ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, “म्हणजे मी उपास सोडायचे?”

शलाकाला तिच्याकडे बघवेना.

“मी असं कसं सांगेन?” डॉक्टर म्हणाल्या. “मी स्वतः रोजे धरते, आत्या. नेम मनाला किती बळ देतो ते मला माहीत आहे. तुमचा नेम देवीसाठी आहे, साबुदाण्यासाठी नाही ना?”

आत्याच्या ओठांवर हसू आलं. “तिनं काही मला साबुदाणा सांगितलेला नाही.”

मग दोघी बायका पडद्याच्या अल्याड-पल्याड बसून ताट ठरवू लागल्या. दाण्याची आमटी, वाटीभर काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी, ताक, आणि भगर अगदी थोडी. जेवणानंतर पायाला त्रास न देता बसल्या बसल्या हातांचा व्यायाम. उपासाच्या दिवशी गोळी कधी घ्यायची तेही डॉक्टरांनी बदलून दिलं आणि बजावलं, “ती आपल्या मनानं बदलायची नाही. हातपाय थरथरले, घाम फुटला तर साखर फार उतरली असं समजायचं. लगेच काहीतरी गोड खायचं आणि मला हाक मारायची. देवी रागावणार नाही.”

गुरुवारी नवं ताट वाढलं. आत्या जेवली. रेघ उठली, थोडी चढली आणि तिथूनच वळून खाली आली. डोंगराच्या जागी बुटकी टेकडी.

करडूनं चारी पायांवर उडी मारली. आत्यानं डोळे मिटून हात जोडले.

दर आठवड्याला डॉक्टर रेघ बघायच्या आणि एखादी गोष्ट थोडी इकडे-तिकडे करायच्या. सिस्टर पट्टी बदलायच्या आणि करडू जखम जवळून दाखवायचा. जखम आधी सुकली, मग आक्रसली आणि एक दिवस तिच्या जागी नवी गुलाबी कातडी दिसली. चैत्र लागला तेव्हा तीन महिन्यांची चाचणी पुन्हा झाली. सातच्या अगदी जवळ.

“आत्या, जिंकलात,” डॉक्टर म्हणाल्या. “सावकाश चढा. पण अनवाणी नाही. मऊ बूट घालून जायचं आणि आल्यावर रोज तळपाय बघायचे. शब्द द्या.”

आत्या जन्मात कधी डोंगरावर चप्पल घालून गेली नव्हती. तिनं देवघराकडे बघितलं. “उंबऱ्यापाशी काढीन,” ती म्हणाली. “दिला शब्द.”

संध्याकाळी आई-बाबा पडद्यावर आले. शलाकानं त्यांना डोंगर आणि टेकड्या सगळं सांगितलं. “पलीकडच्या वाडीलाही एक करडू येणार आहे,” ती म्हणाली. “मी डॉक्टरांना सांगितलंय, तिथे आधी उपासाचं ताट विचारा.”

बाबा हसले. “आधी बघितलंस ना नीट?”

“आधी पेढ्यांवर संशय घेतला,” ती म्हणाली. “मग बघितलं.”

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना ओसरीवर खसफस झाली. शलाकानं डोळे किलकिले केले. आत्यानं खण, नारळ, तांदूळ आणि शेवंतीची माळ परडीत ठेवली होती. ती पायरीवर बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधत होती. एक गाठ सुटली, तिनं पुन्हा बांधली. मग उठून, शलाकाची झोप मोडू नये म्हणून आवाज होऊ न देता कडी अलगद काढली आणि डोंगराच्या वाटेला लागली.

शलाकानं पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा खिशात टाकला आणि हाक न मारता तिच्या मागून चालू लागली.