फ्रिज म्हणतो, दार उघडं आहे

फ्रिजची तक्रार आली की मी फोनवर आधी एकच विचारतो, लाईट कधी गेली आणि कधी आली. निम्मे फ्रिज त्यानेच बिघडतात. लाईट जाताना काही करत नाही, येताना जोरात येते आणि आतल्या बोर्डाचं डोकं फिरवते. वीस वर्षं हेच काम करतोय. या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं समजलो ते एकदाच.

त्या दिवशी दुपारी बाराला मास्तरांचा फोन आला. सगळी हयात शिवणकामात गेलेली, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. माझ्याही पँटी त्यांनीच शिवलेल्या.

"कधी गेली?" मी सवयीने विचारलं.

"दहा वाजून दहा मिनिटांनी."

"आणि आली?"

"आली. अर्ध्या तासाने आली." आवाज अगदी हळू होता. "पण तेव्हापासून फ्रिज सारखा टी-टी करतोय. तिला त्रास होतो हो. तेवढं बंद करून द्या."

तिला म्हणजे काकूंना, त्यांच्या बायकोला. त्या चार महिने अंथरुणाला खिळून होत्या, हे मला ठाऊक होतं. मी पिशवी उचलली आणि निघालो.

मास्तरांनी दार अर्धंच उघडून मला आत घेतलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि घरात सगळे पडदे ओढलेले. औषधाचा आणि ओल्या चादरीचा वास कोंदला होता. स्वयंपाकघरात फ्रिज एकसारखा वाजत होता. टी... टी... टी... पॅनेलवर तापमानाच्या जागी दोन अक्षरं लुकलुकत होती. त्या कोडचा अर्थ एकच, दार उघडं आहे.

दार तर घट्ट लागलेलं. रबर चांगलं होतं, कुठे फट नव्हती. कडेला कागद धरून दार लावलं आणि ओढून पाहिला, तोही सुटेना. पायाला मात्र गार हवा लागत होती. मी गुडघे टेकून हात फिरवला. ती फ्रिजमधून येत नव्हती. मागच्या खोलीच्या पडद्याखालून येत होती.

"आत एसी लावलाय का?"

"नाही," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात पडद्याआडून काकूंचा आवाज आला. खोल गेलेला, दमलेला. "अहो... कोण आलंय?"

"फ्रिजवाले आलेत. तू पड."

"त्यांना दार लावायला सांगा ना... फार गार लागतंय..."

मास्तरांनी माझा दंड धरला. "फक्त आवाज बंद करा. दाराचं काही करू नका. मुलगी संध्याकाळी सहाला पोचतेय. आई बोलतेय असं मी तिला सांगून बसलोय. तेवढा वेळ निघू दे."

दुखण्याच्या घरात माणूस काहीबाही बोलतो, असं मी मनात म्हटलं. त्यातून माझा स्वभाव असा, की अर्धवट काम माझ्याच्याने होत नाही. आवाज बंद करायचा आणि कोड तसाच ठेवायचा, ही कसली दुरुस्ती? मास्तर काकूंना पाणी द्यायला आत गेले, तसा मी फ्रिजचा प्लग काढला. असा कोड आला की दहा मिनिटं फ्रिज बंद ठेवायचा. बोर्ड सगळं विसरतो, मग परत लावायचा. रोजचंच काम.

टी-टी थांबली. तिच्याबरोबर आणखी एक आवाज थांबला. घरात शिरल्यापासून तो माझ्या कानावर होता आणि मी तो कॉम्प्रेसरचा समजत होतो. तो श्वासाचा होता, हे मला नंतर उमगलं.

पायाला लागणारी गार हवाही गेली.

मास्तर पडद्याशी येऊन उभे राहिले. हातातला पेला भरलेलाच होता. "गेली," ते म्हणाले.

"अहो, गेली नाही. मीच प्लग काढलाय. लावतो दहा मिनिटांत."

ते भिंतीला टेकून खाली बसले. दहा मिनिटांनी मी प्लग लावला. कोड नाहीसा झाला होता, पॅनेलवर तापमान दिसायला लागलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या. मला पाहून दचकल्या आणि बाजूला घेऊन कुजबुजल्या, "तुम्ही आज कशाला आलात? काकू सकाळीच गेल्या. दहा-दहाला लाईट गेली आणि त्याच मिनिटाला त्या गेल्या. डॉक्टरही तसं लिहून देऊन गेले. मुलीसाठी थांबलोय सगळे. मास्तर म्हणाले, तोवर मला एकट्याला बसू द्या तिच्याजवळ."

डबा ओट्यावर ठेवून, डोळे पुसत त्या निघून गेल्या.

गेल्या. लाईटला गेली म्हणतात, गेल्या कोणी म्हणत नाही. फोनवर मास्तर कोणाबद्दल सांगत होते ते मला तेव्हा कळलं.

मास्तर उठून माझ्यासमोर आले. वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. एखाद्या कपड्याची शिवण उसवून मागावी इतक्या साधेपणाने त्यांनी विचारलं, "परत बिघडवता येईल का हो?"

येतं. दाराच्या वरच्या कडेत बोटाएवढं चुंबक असतं. ते जागेवर आलं की फ्रिजला कळतं, दार लागलं. चुंबक काढलं, तर दार कितीही घट्ट लावा, त्याच्या लेखी ते उघडंच. काकू गारठल्या होत्या, दार लावा म्हणून विनवत होत्या, हे मी विसरलो नव्हतो. तरी मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. माझ्या हाताने गेली होती ना ती बाई. मला ते सोसत नव्हतं.

चुंबक निघालं. टी... टी... टी... कोड लुकलुकू लागला. पडद्याखालून हवा आली, मघापेक्षा कितीतरी गार, आणि आता तिला वास होता. वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोलीचा असतो तसा. मास्तर धडपडत आत धावले.

मी पडद्याबाहेरच थांबलो. आत श्वास सुरू झाला होता. पण फार लांब... फार सावकाश... एवढा मोठा श्वास काकूंच्या छातीत मावणारा नव्हता.

"मास्तर... आली का?"

मास्तर बोलले, पण आवाज त्यांचा वाटेना.

"आलं..." ते म्हणाले. "ही ती नाही हो... आलं."

टी-टी थांबली. मी मागे वळून पाहिलं. पॅनेलवर कोड नव्हता, चार अंश दिसत होते. मी मूठ उघडली. चुंबक माझ्या हातातच होतं. जे आलं होतं, त्याने आत शिरून आपल्यामागे दार लावून घेतलं होतं.