श्वासाचा शॉट

खरं सांगतो, मी ॲनिमेशन कुठे शिकलेलो नाही. फुकटचे व्हिडिओ बघून बघून आलं तेवढं. त्यामुळे लहान मुलांच्या त्या ड्रॅगनच्या सिनेमात मला जो शॉट मिळाला तो इतर कुणाला नको होता. म्हातारा ड्रॅगन झोपलाय. बस. नऊ सेकंद नुसता श्वास.

सेकंदाला चोवीस चित्रं. तीन आठवडे तेच. घरून काम, त्यामुळे सुट्टी अशी नाहीच. डोळ्यांची पार वाट लागलेली.

आमच्यात एक पद्धत आहे. हालचाल जमत नसेल तर खऱ्या माणसाचा व्हिडिओ काढायचा आणि त्यावरून करायचं. शेजारच्या खोलीत बाबा झोपून असायचे. छातीचं दुखणं, दोन वर्षं झाली. एका दुपारी त्यांना डोळा लागल्यावर मी फोनचा कॅमेरा लावून ठेवला. वर जाताना किंचित अडकणारा त्यांचा श्वास जसाच्या तसा ड्रॅगनला दिला.

सुपरवायझर खूश. "अरे, जिवंत झाला की हा! फक्त डाव्या खांद्याला झटका दे. पंख मोडलाय त्याचा."

दिला.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "यांचा डावा खांदा उडतोय बघ झोपेत. कालपासून."

"एका कुशीवर झोपले असतील."

मग सुपरवायझरने श्वास संथ करायला सांगितला. केला. भिंतीपलीकडची घरघर संथ झाली. मी मुद्दाम जलद करून बघितला. तीही जलद झाली. बाबा खोकत उठले. मी पटकन होतं तसं करून ठेवलं.

शुक्रवारी नवा निरोप. आता श्वास थांबवायचा. ड्रॅगन गेला असं मुलांना वाटलं पाहिजे. पुढच्या शॉटमध्ये तो डोळा उघडतो.

"मी नाही करणार," मी म्हटलं.

"का रे बाबा? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"बरं, राजे. आराम करा."

फाइल ऑफिसकडे होतीच. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी सकाळी सुपरवायझरचा फोन. "सुटलास! दुसऱ्याकडून करून घेतलं. आत्ताच सेव्ह केलंय, बघ."

पलीकडची घरघर बंद होती.

"अरे, इकडे ये," आईचा आवाज. "हे बघ ना, हे..."

"डोळ्याचा शॉट?" मी फोनवर विचारलं.

"तो अजून कुणाला दिलाच नाही. बघू पुढच्या आठवड्यात."

"मी करतो. आत्ता."

"एवढी काय घाई? बरं, एक लक्षात ठेव. पापणी माणसासारखी नको. खालून वर मिटू दे, सरड्यासारखी."

आई हाका मारत होती. मी जागचा उठलो नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

घाईघाईत, जेमतेम सेकंदभराची हालचाल. डोळा उघडला. एकदा मिटला. पुन्हा उघडला. सेव्ह.

भिंतीपलीकडे एक लांब श्वास आला.

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. आता बाबा उठून बसतात, दोन वेळा नीट जेवतात. आई सगळ्यांना फोन करून सांगते.

मी त्यांच्यासमोर जायचं टाळत होतो. आज बसलो.

"दमलास का रे?" ते म्हणाले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मग त्यांची खालची पापणी हळूच वर आली.