तिसरं पान

चार्ज घेण्याआधी एवढं ऐकून घ्या, साहेब. मग चाव्या देतो.

धरणाच्या भिंतीच्या पोटात एक गॅलरी आहे. दर मंगळवारी दुपारी तिथे उतरायचं, झिरपून आलेलं पाणी पट्टीने मोजायचं आणि तिथल्याच वहीत आकडा लिहायचा. वर ऊन रखरखत असतं, आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

आमच्या ऑफिसात एक रीत होती. नकाशे पक्के करण्याआधी प्रत्येकाने धरणाचा आगाऊ पंचनामा लिहायचा. धरण फुटलं असं धरून चालायचं आणि का फुटलं ते सांगायचं. माझा साडू त्यात पटाईत. एका पानावर एक कारण आणि खाली त्यावरचा तोडगा, अशी त्याने तीन पानं लिहिली. उतारावर झाडं लावायची कल्पना माझी, मी ती मिरवतही होतो. पहिल्या पानावर याने लिहिलं, की त्याच झाडांची मुळं पाणी काढून देणारी भोकं बुजवतील. दुसऱ्यावर, की पूर आला तर उपसा करणाऱ्या पंपाची विजेची पेटीच आधी बुडेल. आमचे सासरे मुख्य अभियंता. भर मीटिंगमध्ये म्हणाले, "याला म्हणतात डोकं."

माझा नुसता जळफळाट झाला. त्याला बारमाही सर्दी, सदा निलगिरीचं तेल हुंगत बसायचा, तर घरात त्याचंही कौतुक. तिसरं पान दुसऱ्या दिवशी वाचायचं होतं. फाईल माझ्याकडे होती. ते पान मी न वाचता फाडलं.

दुसऱ्या दिवशी तो तापाने फणफणला, आठवड्यात गेला. दोनच पानं होती, असं मी सांगून टाकलं.

धरण भरलं. तिसऱ्या वर्षी मुळं आली, पाचव्या वर्षी पेटी बुडाली. दोन्ही वेळा तोडगा त्याच्या पानावर लिहिलेला होता, म्हणून निभावलं. खालच्या वसाहतीत तीनशे घरं. त्यात माझं, आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं. सगळे त्याचं नाव काढायचे. मेलेल्या माणसाचाही हेवा वाटतो, साहेब.

मागच्या महिन्यात मंगळवारी उतरलो, तर जिन्यातच निलगिरीचा वास. वही उघडी होती. त्या दिवसाची तारीख आणि आकडा. मी पट्टी लावली, आकडा बरोबर होता. अक्षर त्याचं. खाली 'कारण तिसरे' एवढंच, पुढे कोरं. शाई ओली होती.

मागे कुणीतरी नाक ओढलं.

"दादा... माझं तिसरं पान देता?"

"फाडलं रे... न वाचताच."

मागे पुन्हा नाक ओढल्याचा आवाज आला.

"मलाही... आता आठवत नाही, दादा."

वर कसा आलो कोण जाणे. सासऱ्यांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी फोन उचलून धरण रिकामं करायला सांगितलं. मेहुणीकडे मी स्वतः गेलो. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. वसाहत हलवायचं ठरलं, निम्मी घरं अजून तिथेच आहेत. तज्ज्ञांनी भिंत बोट बोट तपासली, काहीच सापडलं नाही. खरं सांगतो, माझी नोकरी गेली तरी बरं वाटलं. निदान एकदा तरी तो चुकला होता.

काल शेवटचा आकडा घ्यायला उतरलो. धरणात आता गुडघाभरही पाणी नाही, येताना तुम्ही पाहिलंच असेल. गॅलरीत पट्टी लावली. धरण काठोकाठ भरलेलं असताना झिरपायचं, त्याच्या दुप्पट पाणी येत होतं.

वहीत तो आकडा आधीच लिहिलेला होता. या घ्या चाव्या.