वाटी नसलेली झांज

कड

तो आला तेव्हा मंजुश्री 'सौभाग्यवती'मधल्या 'ग्य'पर्यंत पोचली होती.

मांडीवर पितळी घागर, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी. टिक, टिक, टिक. ठिपक्याला लागून ठिपका, ठिपक्यांचं अक्षर, अक्षरांचं माणूस. लातूरच्या गोलाईमागच्या भांडेगल्लीत नाव घातल्याशिवाय भांडं दुकानाबाहेर जात नाही, आणि गुरुपादप्पांच्या दुकानात नावं घालायचं काम नऊ वर्षांपासून त्यांच्या लेकीकडे. किती सौभाग्यवती तिच्या छिन्नीखालून सासरी गेल्या, त्याला गणती नाही. तिचं स्वतःचं नाव मात्र कशावरच नव्हतं. मुलीचं नाव भांड्यावर चढतं ते लग्नात, आणि तेही नवऱ्याच्या नावाला टेकून. आत्यानं – गंगम्मानं – तिच्यासाठी काढून ठेवलेली भांडी वरच्या फळीवर कोरीच होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. टिंग.

मग जरा थांबून… टिंग-टि-टिंग.

काशाच्या ताटांच्या चवडीपुढं कुणीतरी उभं होतं. एकेक ताट बोटावर तोलायचं, पेन्सिलीनं वाजवायचं, डोळे मिटून ऐकायचं, खाली ठेवायचं.

"ओ भाऊ," मंजुश्री म्हणाली, "ताटात जेवत असतेत."

"हाव, माहिताय." डोळे मिटलेलेच. "पण हे ताट बोलायलंय."

"असं? काय बोलायलंय?"

"म्हणायलंय… मॅडमची छिन्नी घसरली."

तिनं खाली बघितलं. 'ग्य'च्या पोटाबाहेर एक ठिपका एकटाच पडला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

दुसरं वर्तुळ

त्याचं नाव मृत्युंजय. गाव लोहा. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाला, वर्षभर नोकरी केली, सोडली, आणि आता नांदेडात पोरांना ड्रम शिकवत होता. भांडेगल्लीत तो ताट घ्यायला आला नव्हता. त्याला झांज हवी होती. वीस इंच रुंद, भाकरीसारखी पातळ, अन् सपाट.

"वाटी किती खोल?" गुरुपादप्पांनी, म्हणजे अप्पांनी, विचारलं. भजनाच्या टाळाला मधोमध खोलगट वाटी असते. दोरी तिच्यातून ओवतात आणि आवाज तिच्यातून घुमतो. तीस वर्षं अप्पांनी टाळ केले होते.

"वाटी नको, अप्पा."

"वाटी नको? मग ती झांज कशाची, ताटच की ते."

"म्हणून तर ताटवाल्याकडं आलो."

अप्पा हसले. ते सहसा हसत नसत. मग मृत्युंजयनं सांगितलं. जॅझ म्हणून एक संगीत असतं. त्यात ठेका ढोलावर नसतो, झांजेवर चालतो, काडीच्या टोकानं. बाकीचे वाजवणारे वाटेल तिथं हिंडून येतात. झांज तेवढी वाट धरून राहते.

"वाटी असली की देवळातल्या घंटेवानी घुमतंय," तो म्हणाला. "मला घुमणारा आवाज नको. कोरडा पायजे. शेजारी बसून कुणी हळू बोलावं… तसा."

हे तो अप्पांना सांगत होता. बघत मात्र चिंचेनं ताट घासणाऱ्या मंजुश्रीच्या हातांकडं होता.

अप्पांचा उजवा हात गेल्या सालापासून थरथरायचा. त्यामुळं भट्टीवर बापलेकीची एक रीत पडली होती. घाव मंजुश्रीनं घालायचा, अप्पांनी भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि नुसतं ऐकायचं. पत्रा कुठं जाड राहिला, कुठं ताणला, ते त्यांना पाठमोरं कळायचं. "अजून," ते म्हणायचे. "अजून… डावीकडं… अजून." आणि शेवटी, "बास." हात तिचा, कान त्यांचा. दोघांचा मिळून एक कासार.

"करू," मंजुश्री म्हणाली.

"मी कुठं हो म्हणलो?" अप्पा म्हणाले.

"तुम्ही हसलाव की."

तिसरं वर्तुळ

तो दर गुरुवारी एसटीनं यायचा. काम बघायला म्हणून.

चार वाटे तांबं, एक वाटा कथील. आधी ओतीव चकती, मग ती भट्टीत लाल करायची, ऐरणीवर ठोकायची, पुन्हा लाल, पुन्हा ठोक. आणि दर खेपेला, लाल असतानाच, हौदात बुडवायची. पहिल्यांदा ते बघून मृत्युंजय ओरडलाच.

"अहो, कडक होईल ना! पाण्यात घातल्यावर—"

"ते लोखंडाचं," अप्पा म्हणाले. "काशाचं उलटं हाय, इंजिनिअरसाहेब. लाल असताना पाणी दाखवलं तर हे मऊ पडतंय, घाव सोसतंय. आपलं आपण थंड होऊ दिलं की बसलं. वरून दिसत न्हाई काही. पण पहिल्या घावाला फुटतंय."

वाफ उठली. वाफेपलीकडं मंजुश्रीचा चेहरा, कपाळावरच्या विभूतीवर घामाची एक रेघ. तिनं मनगटानं ती पुसली आणि विभूती गालावर आली. त्यानं आपल्या गालाला बोट लावून दाखवलं. तिनं भलत्याच गालाला पुसलं. त्यानं परत दाखवलं. अप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "घाव कामून थांबले?"

बोलणं कधी वाढत गेलं ते दोघांनाही सांगता यायचं नाही.

"तुम्ही भांड्यावर नाव घालताव, तवा त्या माणसाचा इचार करताव का?"

"करायलाच लागतोय. एकदा 'पुनम'च्या जागी 'पुनव' घातलं होतं. वरात दारात येऊन बसली, भांडं बदला म्हणून."

"मग?"

"मग काय. नवरदेव म्हणला ऱ्हाऊ द्या, पुनवच बरी हाय."

"हुशार हाय नवरदेव."

"तुम्ही नका होऊ हुशार. चिमटा धरा नीट."

आणि मग एका गुरुवारी – चहा संपला होता, कप अजून हातात होते – तो म्हणाला, "गोव्याहून निरोप आलाय. तिथं एक जुने पियानोवाले हायत. तिघांची मंडळी करायलेत. दिवाळीनंतर ये म्हणले. पण स्वतःचा आवाज घेऊन ये म्हणले, उसन्या झांजेवर न्हाई. न्हाईतर दुसरा ड्रमवाला तयारच हाय."

"म्हणजे… ही झाली की—"

"ही झाली की."

कपाच्या तळाला चहाची साय चिकटली होती. मंजुश्री ती बघत राहिली. तोवर तिला वाटत होतं, आपण काहीतरी घडवतोय. आता कळलं की आपण त्याच्या जाण्याचं तिकीट ठोकून काढतोय, आणि ते आपल्यालाच चांगलं करायचंय.

चौथं वर्तुळ

अप्पा मुरुडला लग्नाला गेले होते. भट्टी बंद. थंड पत्र्यावर बारीक घाव घालायचं काम उरलेलं. कडेकडून आत, वर्तुळ वर्तुळ.

टक.

टक.

एकटीच.

टक. टक.

कान नव्हता, नुसता हात होता. आणि हाताला टाळ ठोकायची एकच वाट माहीत. झांज म्हटलं की हात मधोमध जातो.

टक—

तिनं थांबून बघितलं. सपाट पत्र्याच्या मध्यावर एक फुगवटा उठला होता. गोल, सुबक, टाळाला असते तश्शी…

वाटी.

तिनं ती उलट्या बाजूनं बसवायला घेतली. एक घाव, दोन. तिसऱ्या घावाला आवाज वेगळा आला. फार बारीक. मधल्या भोकापासून कडेकडं केसाएवढी भेग गेली होती. काळा, वाकडा केस.

तिनं त्याला फोन लावला.

"फुटली."

"कशानं?"

"वाटी आली. सवयीनं."

"हाव… सवय आसती."

"हाव."

"मंजू." पहिल्यांदाच असं. "सवयच ना?"

तिनं फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळ ती आपल्या हाताकडं बघत बसली. खरंच, सवयच होती ना? तिसऱ्या घावाआधी तिला कळलं नव्हतं का की पत्रा थकलाय? कळलं होतं. थांबता आलं असतं. थांबली नव्हती.

अप्पा मुरुडहून आले. फुटकी चकती उचलली, नखानं वाजवली, खड्ड् आवाज झाला. लेकीकडं बघितलं. चकती मुशीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "भट्टी पेटव, यव्वा. कासं वाया जात न्हाई. परत वितळतंय."

पाचवं वर्तुळ

दुसरी झांज तिनं फुटलेल्या पहिलीतूनच केली.

यावेळी मधोमध जाताना ती दर खेपेला हात थांबवायची. अप्पा पाठमोरे. "अजून… अजून…" वाटीच्या जागी पोचली की हातोडी वर धरून ती मनात म्हणायची, इथं काही नाही. इथं काही करायचं नाही. काहीच न करायला किती जोर लागतो ते तिला त्या दिवसांत समजलं.

"बास," अप्पा म्हणाले.

गुरुवारी तो आला. झांज सोबत आणलेल्या स्टँडवर चढवली, झोळीतून काडी काढली. टिंग… टिंग-टि-टिंग… टिंग-टि-टिंग. डोळे मिटले. दुकानातली ताटं, तांबे, घागरी सगळी गप्प झाल्यासारखी वाटली.

वाजवून झालं. त्यानं कान पत्र्याजवळ नेला.

"काय झालं?"

"लई सुंदर हाय."

"पण?"

"पण काही न्हाई."

"मृत्युंजय, भांडं खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतोय. पण काय?"

"थोडं… शेपूट ऱ्हायलंय आवाजाला. काडी उचलली तरी हा बोलतच ऱ्हातोय. चालंल तसं. खरंच चालंल."

तिनं झांजेवर तळहात ठेवला. पत्रा अजून थरथरत होता, अगदी बारीक. थरथर थांबेपर्यंत ती थांबली. आपलं आपण थंड होऊ दिलं तर फुटतं.

"पहिली सवयीनं न्हाई फुटली," ती म्हणाली. "अर्धी सवयीनं. अर्धी मी फोडली."

"अर्धी तू… म्हणजे?"

"म्हणजे तू जाऊ ने म्हणून."

भिंतीकडं तोंड करून अप्पा माळ ओढत होते. माळ थांबली. मग परत सुरू झाली, जरा मोठ्यानं.

मृत्युंजयनं काडी खाली ठेवली. "चल मग," तो म्हणाला. आवाज कोरडा, हळू. "माझ्यासंगं चल. दोघं जाऊ."

तिनं अप्पांच्या पाठीकडं बघितलं. मांडीवर ठेवलेल्या त्या उजव्या हाताकडं. मग भट्टीकडं.

"कान इथं हाय," ती म्हणाली. "हात तिकडं नेऊन काय करू?"

त्यानं हट्ट केला नाही, आणि याच कारणानं ती त्याच्यावर पुढंही प्रेम करू शकली असती. करत राहिली असती. करत होती.

वाटीची जागा

(इथं घाव नाही.)

भोक

"नाव घातल्याबिगर भांडं जात न्हाई," अप्पा म्हणाले. ते वळले नव्हते. मग गिऱ्हाइकाला विचारायचा तो नेहमीचा सवाल, गेली तीस वर्षं विचारत आलेला. "काय नाव घालायचं, पाव्हणं?"

"जिनं केली तिचं."

मंजुश्रीनं झांज मांडीवर घेतली, पालथी. मधल्या भोकाच्या कडेला छिन्नी टेकवली.

टिक, टिक, टिक. म. आधी कुमारी नाही, सौभाग्यवती नाही. पुढं कुणाची मुलगी नाही, कुणाकडून सप्रेम भेट नाही. टिक, टिक. जु. अनुस्वाराचा एकच ठिपका, तो सगळ्यात जपून. श्री.

मंजुश्री.

पुसून तिनं झांज स्टँडवर चढवली. "बघ."

टिंग.

तो दचकला. पुन्हा वाजवली. काडी उचलली आणि आवाज काडीबरोबर उठला. शेपूट नव्हतं. नावाच्या ठिपक्यांनी ते बरोबर तोडलं होतं.

"हे… हे तुला माहीत होतं?"

"न्हाई. रीत हाय म्हणून घातलं."

दिवाळीनंतर वीस तारखेला तो निघाला. झांज जुन्या गोधडीत गुंडाळली होती. दारात थांबून त्यानं गोधडीचं टोक उघडलं आणि पालथ्या बाजूवर बोट फिरवलं.

"नावापुढं जागा सोडलीस."

"हाव."

"किती अक्षरांची?"

"चारच. पण 'त्यु'ला लई ठिपके लागतेत."

तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "आवाज बदलंल की मग."

"बदलंल."

"चांगला का वाईट?"

"घेऊन येशील तवा कळंल." तिनं गोधडीचं टोक नीट केलं. तिच्या बोटांना चिंचेचा वास होता. तो आता गोव्यापर्यंत जाणार होता. "तवर वाजव. नीट वाजव. माझं नाव हाय त्यावर."

तो गेला. ती परत येऊन बसली. कुणाची तरी कळशी मांडीवर घेतली, छिन्नी लावली, पण घाव घातला नाही.

गल्लीच्या टोकाला, जिथून बसस्टँडकडं वळतात, तिथून आवाज आला. गोधडीतून काढलेल्या झांजेचा. लांबून, कोरडा, शेजारी बसून बोलावं तसा.

टिंग-टि-टिंग.

अप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते. मान किंचित तिरकी, कान तिकडं. मंजुश्रीच्या हातोडीनं काहीच केलं नव्हतं. तरी सवयीनं, की आणखी कशानं, ते हळूच म्हणाले,

"अजून."