उन्नतीच्या झाडाची नवी कुंडी

कुंडी आडवी करून नेत्राने तिच्या बुडावर दोन्ही तळव्यांनी हलकेच थापटलं, तसं आतलं झाड मुळांसकट, कुंडीचाच आकार घेऊन, अलगद तिच्या मांडीवर आलं... आणि नेमक्या त्याच क्षणी दारात रुचिका उभी राहिली!

परीक्षा जवळ आल्यामुळे नववीचा वर्ग त्या दिवशी लवकर सुटला होता, हे नेत्राला कुठून ठाऊक असणार? पोरीच्या खांद्यावरचं दप्तर घसरून जमिनीवर आलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ते माझ्या आईचं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

कशेळीच्या त्या दुमजली घरात सगळे त्याला उन्नतीचं झाडच म्हणत. उन्नती ही भूपेशची पहिली बायको, रुचिकाची आई. मोठमोठ्या, भोकं पडलेल्या पानांचं ते मॉन्स्टेरा अवघं दोन पानांचं असताना धामणकर नाक्याजवळच्या काळूरामच्या नर्सरीतून तिने रिक्षात मांडीवर धरून आणलं होतं, आणि ते सात पानांचं होईतो ती तापाचं निमित्त होऊन निघून गेली... मागे उरली अकरा वर्षांची लेक, सासू गुणाबाई आणि खिडकीशी हे झाड. दोन वर्षांनी नेत्रा भूपेशची दुसरी बायको म्हणून या घरात आली. रुचिका तिला आई म्हणाली नाही, मावशी म्हणाली नाही, काकूसुद्धा म्हणाली नाही. बोलायचंच झालं तर नव्या भाडेकरणीशी बोलावं तसं बोलायची, तेही कामापुरतं.

नेत्राने ते गोड मानून घेतलं होतं. पण झाडाचं काय करावं? दिवाळीपासून ते आपलं दुखणं सांगत होतं आणि ऐकणारी ती एकटीच होती! पाणी घातलं की मातीत घोटभरही न मुरता बुडाच्या भोकातून वाहून जाई. त्याच भोकातून पांढरी मुळं वाट शोधत बाहेर आली होती. नवं पान उघडायचं ते जेमतेम तळहाताएवढं. शेवटी तिने गुपचूप काळूरामला गाठलं. कुंडी लहान पडलीय, तो म्हणाला, पण थंडीत हात लावू नका, झाड तेव्हा झोपेत असतं. होळी झाली, नव्या पानाची सुरळी दिसली, की मग बदला. नवी कुंडी दोन-तीन बोटंच मोठी घ्या. हौसेने घंगाळाएवढी आणाल तर माती ओली राहून मूळ कुजेल. आणि एक मात्र त्याने दोनदा बजावलं होतं : बदलल्यावर महिनाभर खत नाही, पाणीही बेताने, दुखावलेल्या मुळांना काहीच झेपत नाही.

चार महिने तिने होळीची वाट पाहिली. सांगून करावं तर रुचिका नाही म्हणणार, आणि नाही म्हटल्यावर झाड तसंच गुदमरणार... म्हणून तिने न सांगताच करायचं ठरवलं. तेवढीच तिची चूक.

पोर तशीच उभी राहून बघत होती. मुळं उघडी टाकून नेत्राला उठताही येईना. गोल गोल गुंडाळलेली ती मुळं तिने लहान मुलीचे केस विंचरावेत तशी बोटांनी सोडवली, लाल माती, नारळाचा भुसा आणि थोडी वाळू कालवून भोवती बसवली, खोड आधी होतं तेवढंच वर राहू दिलं. आपल्याला धीर यावा म्हणून की झाडाला, कोण जाणे, माहेरच्या जात्यावरची चाल तिच्या ओठांवर आली...

मूळ सोडविते बाई, हळूहळू माती सोड,
नव्या अंगणी गं तुला, लागू दे पाण्याची ओढ...

रुचिकाने दप्तर उचललं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दोन-तीन दिवस पानांनी माना टाकल्या. त्या टाकणारच होत्या. चौथ्या दिवशी सुरळी जराशी ताठ झाली आणि नेत्राचा जीव भांड्यात पडला. सहाव्या दिवशी मात्र खालचं पान पिवळं पडलं. आठव्या दिवशी आणखी दोन! ती दिवसातून दहादा खिडकीशी जाई. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता विसरून जाई. मातीत बोट घालून पाहिलं तर चिखल... आणि पाणी तर तिने पाच दिवसांत घातलंच नव्हतं! बोट नाकाशी नेलं तसा वास आला. मातीवर टिकलीसारखं काहीतरी चमकत होतं. माशाचा खवला.

मासळी धुतलेलं पाणी त्या घरात कधी वाया जात नसे; परसातल्या नारळाच्या बुंध्याशी ओतलं जाई. पण इथे, ताज्या जखमा झालेल्या मुळांवर, ते कुणी ओतलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराआडून तिने पाहिलं. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, अशी रुचिका टोपातलं ते पाणी वाटीवाटीने झाडाला घालत होती. मध्येच थांबून पिवळ्या पानावरची धूळ रुमालाने पुसत होती, त्याच्याशी हळू आवाजात काही बोलत होती. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी! नेत्रा पाय न वाजवता मागे सरली. पोर शाळेला गेल्यावर तिने कुंडी तिरकी करून साचलेलं पाणी निथळवलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या संध्याकाळी चौथं पान गळलं. गोदामातली ड्युटी संपवून भूपेश नुकताच टेकला होता. रुचिका त्याच्यासमोर पान धरून म्हणाली, "हिने मारलं, पप्पा. आईचं काहीच नको आहे हिला."

भूपेशने नेत्राकडे पाहिलं. "काय केलंस तू त्याला?"

एक वाक्य... एकच वाक्य बोलली असती तर ती सुटली असती! पण मग त्या पोरीपाशी काय उरलं असतं? आई एकदा तापाने गेली, ती कुणाच्याच हातात नव्हतं. आता दुसऱ्यांदा गेली, ती आपल्याच हातांनी, हे जन्मभर उराशी घेऊन तिने जगायचं?

"माझं चुकलं," नेत्रा म्हणाली. "मुळं जास्तच ओढली मी."

"दुसरीचा हात लागला का असाच व्हतं," गुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. भूपेशने फार ताणलं नाही. यापुढे त्या झाडाला हात लावायचा नाही, एवढंच बजावून तो उठून गेला.

रात्रभर तिला एकच घोर लागला. हात लावला नाही तर दोन दिवसांत खोड सडणार. लावला तर या घरात आपल्याला तोंड राहणार नाही...

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने झाड पुन्हा कुंडीतून काढलं. वर्तमानपत्रावर माती पसरली, नळाच्या बारीक धारेखाली मुळं धुतली, उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीने काळी, लिबलिबीत झालेली एकेक कापत गेली. गुणाबाईंनी पाहिलं आणि लेकाला फोन लावला. गोदाम जवळच, तो दहा मिनिटांत आला, आणि त्याच्या पाठोपाठ शाळेतून रुचिकाही.

"काल सांगितलेलं कळलं नाही तुला?" भूपेशचा आवाज चढला. नेत्रा कात्री न थांबवता म्हणाली, मला काय बोलायचं ते बोला, पण आधी हे होऊ द्या.

गुणाबाई मातीवर वाकल्या होत्या. "अगो, या झाराला मासलीचा पानी कोनी वतला?"

"मीच घातलं, आई," नेत्रा घाईने म्हणाली. "खत म्हणून."

पसरलेल्या मातीत खवले चमकत होते, एक बारीकसा काटाही होता. रुचिका बघत राहिली... मातीकडे, कापलेल्या काळ्या मुळांकडे, मग नेत्राच्या खाली घातलेल्या मानेकडे.

"खोटं," ती म्हणाली. "मी घातलंय. रोज. आजी सांगायची ना, आई नारळाला घालायची म्हणून..." तिने नेत्राकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

नेत्राने पुढचं काळं मूळ कापलं.

"मग काल का नाही सांगितलंस?" मग ती वडिलांकडे वळली. "हिला नका बोलू, पप्पा. मी मारत होते ते, आणि ही वाचवतेय."

"मारत नव्हतीस गं," नेत्राने पहिल्यांदा मान वर केली. डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. "जेवू घालत होतीस. त्याला आत्ता झेपत नव्हतं, एवढंच..."

भूपेश खाली बसला आणि त्याने खोड धरलं. गुणाबाई मातीतून एकेक खवला वेचू लागल्या, अर्ध्यातच थांबल्या, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "काल माजे तोंडाशी काय आला, पोरी..."

तीन मुळं पांढरी उरली होती. तीनच. त्यांवर झाड धरेल की नाही, ते महिन्याभराने कळणार होतं.

रुचिका जवळ आली तशी नेत्राने चिखलाने भरलेले हात दूर धरले; पोरीच्या अंगात शाळेचा पांढरा शर्ट होता आणि उद्या पेपर होता. पण रुचिकाने ते दोन्ही हात मनगटाला धरून ओढले, आपल्या पाठीवर घट्ट ठेवून घेतले, आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून रडू लागली.